गिझरच्या टाकीतला चुना

गिझरची टाकी वर्षातून किमान एकदा पूर्ण रिकामी करून धुवावी लागते. तापलेले पाणी बादलीत जाते, पण त्यात विरघळलेले सगळे क्षार त्याच्याबरोबर बाहेर पडत नाहीत. त्यातला काही भाग टाकीच्या तळाशी आणि तापणाऱ्या कॉईलवर बसून राहतो. धरणाचे मऊ पाणी असलेल्या शहरी घरात हा साठा इतका हळू वाढतो की पुष्कळ जणांच्या तो ध्यानातही येत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात मात्र दोन-तीन हिवाळ्यांत टाकीचा तळ भरतो, कॉईल जळते आणि दुरुस्तीला आलेला माणूस टाकीतून पांढरे खडे काढून दाखवतो. शिरूर तालुक्यातले कवठे येमाई आणि त्याच्या आसपासची गावे या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

पाणी जड का होते

येमाई देवीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे कवठे येमाई पुणे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पूर्व पट्ट्यात, घोड आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यात येते. जमिनीखाली सगळा बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले, तोच हा खडक. जवळच टाकळी हाजी आणि निघोज यांच्या दरम्यान कुकडी नदीच्या पात्रात जे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत, ते याच खडकात प्रवाहाने कोरलेले आहेत.

या खडकातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी खडकाच्या भेगांतून महिनोन्महिने झिरपत राहते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे आपल्यात विरघळवून घेते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यांचीही भर पडते. विहिरीत उतरते ते पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते, पण त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग राहतात. असे पाणी जड किंवा दुष्फेन समजले जाते.

पाण्याचा जडपणा एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या तोडीचे क्षार आहेत, यावर मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. ही मर्यादा पिण्यासाठी आहे. ४०० मिलिग्रॅम जडपणाचे पाणी या मानकात चालवून घेण्याजोगे ठरले, तरी गिझरला ते त्रासदायकच असते.

जडपणा वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्यानंतर विहिरी भरल्या की पाणी थोडे मऊ होते. कुकडी प्रकल्पाच्या कालव्याला आवर्तन सुटले की जवळच्या विहिरींना पाझर मिळतो आणि क्षारांचे प्रमाण उतरते. एप्रिल-मे महिन्यांत विहीर आटून सगळा भार खोल बोअरवर येतो, तेव्हा ते बहुधा वाढते. शेजारच्या दौंड तालुक्यात कालव्याखालच्या बारमाही उसाच्या जमिनींत आणखी एक अडचण आहे. निचरा नीट नसेल तर पाणी साचून जमिनीतले क्षार वर येतात आणि तेच पुढे विहिरींत उतरतात.

टाकीत काय घडते

साखर किंवा मीठ पाणी तापवले की जास्त विरघळते. चुन्याचे उलटे आहे. पाणी तापले की विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. जिथे पाणी सर्वांत जास्त तापते तिथे, म्हणजे कॉईलच्या पृष्ठभागावर, ही क्रिया सर्वांत वेगाने होते. साठ अंश सेल्सिअसच्या पुढे तिचा वेग स्पष्टपणे वाढतो. पाण्याबरोबर आलेली बारीक रेती, गाळ आणि लोखंडी पाइपचा गंज यांचीही या थरात भर पडते.

साठा किती होतो याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. पाण्याचा जडपणा ४०० मिलिग्रॅम धरला आणि कुटुंबाला रोज ६० लिटर गरम पाणी लागते असे मानले, तर दिवसाला २४ ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला दहावा हिस्साच टाकीत बसला असे धरले, तरी रोजचे २.४ ग्रॅम होतात. वर्षभर रोज गिझर लागत असेल तर ही बेरीज पाऊण किलोच्या पुढे जाते. त्या मानाने गावाकडच्या गिझरची टाकी बहुतेक वेळा १५ किंवा २५ लिटरचीच असते.

कॉईलवर बसलेला थर उष्णता अडवतो. तांब्याच्या तुलनेत चुन्याच्या थराची उष्णतावाहकता शंभरपटीहून अधिक कमी असते. थर चढला की विजेचे बिल भरमसाट वाढते असे सांगितले जाते, ते विजेच्या गिझरच्या बाबतीत तितकेसे खरे नाही. कॉईल पाण्यातच बुडालेली असल्याने तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते आणि दोन किलोवॉटची कॉईल ते काम सुमारे ३५ मिनिटांत करते. थर असला तरी या हिशेबात मोठा फरक पडत नाही.

नुकसान होते ते कॉईलचे. तिने तयार केलेली उष्णता थरामुळे लवकर बाहेर पडत नाही, म्हणून तिचे स्वतःचे तापमान चढत जाते. बाहेरची तांब्याची नळी तडकते, पाणी आत शिरते आणि घरातला ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, पडू लागतो. ईएलसीबी नसेल आणि अर्थिंगही नीट नसेल तर नळाला हात लावताच झिणझिण्या येतात, कधी जोराचा झटकाही बसतो. थरात गाडला गेलेला थर्मोस्टॅटचा भाग पाण्याचे खरे तापमान ओळखू शकत नाही, त्यामुळे गिझर कधी लवकर बंद होतो, कधी उशिरा. तळाशी साचलेल्या गाळाने टाकीतली जागाही अडते आणि पूर्वी दोन बादल्या मिळत होत्या तिथे दीड मिळते.

बंब आणि गिझर

ही अडचण विजेबरोबर आलेली नाही. तांब्याच्या बंबात मधोमध जाळाची उभी नळी, तिच्याभोवती पाणी, वर धुराडे आणि खालच्या अंगाला तोटी अशी रचना असते. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी अशा बंबांच्या घडाईसाठी प्रसिद्ध आहे. बंबातही क्षार तोटीखालच्या भागात आणि जाळाच्या नळीवर बसतात. पण बंब उचलून उपडा करता येतो, आत हात घालता येतो आणि सुटलेल्या खपल्या झटकून टाकता येतात. बंबाच्या बाबतीत घरोघरी पाळला जाणारा नियम एकच होता: आधी पाणी, मग जाळ. पाणी नसताना जाळ घातला की सांध्यांचा डाख सुटतो आणि बंब गळू लागतो. विजेच्या गिझरलाही हाच नियम लागू पडतो, फक्त तिथे डाखाऐवजी कॉईल जाते.

गिझरची टाकी भिंतीवर टांगलेली आणि सर्व बाजूंनी बंद असते. बाहेरचा पत्रा, त्याच्या आत उष्णता धरून ठेवणारा फोम आणि त्याच्या आत खरी टाकी असते. ही टाकी स्टेनलेस स्टीलची, तांब्याची किंवा काचेचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते. उभ्या गिझरला खालच्या बाजूला दोन नळ्या असतात. निळ्या खुणेची नळी थंड पाणी आत आणते आणि तळाजवळच उघडते. लाल खुणेची नळी आतून थेट टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते, कारण तापलेले पाणी वर राहते आणि तेच बाहेर जायला हवे. गाळ मात्र तळाशी असतो. म्हणूनच रोज गरम पाण्याचा नळ कितीही सोडला तरी गाळ निघत नाही. तो थंड पाण्याच्या नळीवाटेच उलटा काढावा लागतो.

थंड पाण्याच्या नळीवर पितळेचा एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. गरम पाणी मागे पुरवठ्याच्या पाइपमध्ये जाऊ न देणे आणि टाकीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पाणी बाहेर सोडणे अशी दोन कामे तो करतो. ही मर्यादा बहुतेक गिझरमध्ये ८ बार असते. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत पावणेचारशे मिलिलिटर पाण्याला वाट हवी असते. म्हणून गिझर चालू असताना या व्हॉल्व्हमधून थेंब पडणे हा बिघाड नव्हे. तिथे बूच मारणे किंवा चिंधी बांधणे धोक्याचे आहे. क्षारांनी हा व्हॉल्व्ह जाम होतो, तेही तितकेच धोक्याचे. त्यावरची छोटी दांडी दर दोन-तीन महिन्यांनी उचलून पाणी सुटते का ते पाहावे.

काचेचा मुलामा असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. पाण्यातली गंजण्याची क्रिया ती स्वतःवर ओढून घेते आणि पोलाद वाचवते. जड, खारट पाण्यात ती लवकर झिजते. ती संपली की पुढची पाळी टाकीची. पाणी बरेच दिवस न वापरता पडून राहिले तर काही जिवाणू आणि ही कांडी यांच्यामुळे सडक्या अंड्यासारखा वासही येऊ शकतो.

युरोप-अमेरिकेतल्या घरांत गरम पाण्याची टाकी जमिनीवर उभी असते. नॉर्वेत जन्मलेल्या एडविन रुड यांनी १८८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथे आपोआप चालू-बंद होणारा साठवणीचा वॉटर हीटर तयार केला, त्याच घराण्यातल्या या टाक्या. त्या दीडशे-दोनशे लिटरच्या असतात, त्यांच्या तळाशी गाळ काढायची स्वतंत्र तोटी असते आणि पुष्कळ ठिकाणी खाली गॅसचा जाळ असतो. गाळ जाळ आणि पाणी यांच्या मध्ये येतो, त्यामुळे तिथे इंधन खरोखर जास्त जळते. तिकडच्या सूचना भारतातल्या भिंतीवरच्या गिझरला जशाच्या तशा लागू होत नाहीत, त्याचे कारण या रचनेत आहे.

धुण्याची वेळ आली कसे ओळखावे

पहिली खूण कानाला कळते. पाणी तापताना गिझरमधून टकटक किंवा खदखद असा आवाज येऊ लागतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती फुटून बाहेर पडते, त्याचा हा आवाज असतो. दुसरी खूण शॉवरच्या जाळीत किंवा नळाच्या तोंडाशी अडकणारे पांढरे कण. गरम पाण्याची धार थंड पाण्यापेक्षा बारीक होणे, गिझरचा दिवा वारंवार लागणे-विझणे, गरम पाणी लवकर संपणे याही खुणाच आहेत. ईएलसीबी पडत असेल तर मात्र टाकी धुण्याच्या भानगडीत न पडता गिझर बंद ठेवावा आणि वायरमनला दाखवावा.

टाकी रिकामी करण्याची रीत

कामाला सुरुवात विजेपासून होते. नुसते बटण बंद करून भागत नाही. गिझरचा एमसीबी, म्हणजे त्याच्या वीजपुरवठ्याचा खटका, पाडावा आणि प्लग असेल तर तो काढून ठेवावा. टाकीतले पाणी गार होऊ द्यावे. साठ अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत त्वचा गंभीर भाजू शकते, त्यामुळे घाई करू नये. आदल्या रात्री गिझर बंद ठेवून सकाळी काम करणे सोयीचे.

त्यानंतर थंड पाण्याच्या नळीवरचा अँगल कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ सोडावा. थोडे पाणी येऊन धार थांबते. टाकी रिकामी झाली असा याचा अर्थ नाही. लाल नळीचे तोंड टाकीच्या माथ्याशी असल्याने बहुतेक सगळे पाणी अजून आतच असते. नळ सोडण्याचा हेतू एवढाच की त्या वाटेने टाकीत हवा शिरावी. हवा गेली नाही तर खालून पाणी सुटत नाही. नळावाटे पुरेशी हवा जात नसेल तर लाल नळीच्या जोडाचे नट पान्ह्याने सैल करावे.

आता खाली बादली ठेवून सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलावी. पाणी बारीक धारेने सुटते. ही वाट अरुंद असल्याने गाळ जास्त असेल तर ती लगेच तुंबते. अशा वेळी निळ्या नळीचा जोड, व्हॉल्व्हसकट, खोलून घ्यावा लागतो. नट सोडताना एका हाताने गिझरकडचा भाग घट्ट धरावा, नाहीतर टाकीला जोडलेली नळीच पिळली जाते. जोड सुटताच धार जोरात येते, म्हणून मोठी बादली आधीच खाली हवी.

बादलीत काय पडते ते बघण्यासारखे असते. आधी नितळ पाणी येते. टाकी अर्धी रिकामी झाली की धार दुधाळ होते. शेवटी गुटगुट आवाज करत हवा आत शिरते आणि पाण्याबरोबर पांढरे, पिवळट कण येऊ लागतात. काही रेतीइतके बारीक असतात, तर काही नखाएवढ्या चपट्या खपल्या असतात. त्यांची एक बाजू गोलसर वळलेली दिसली, तर ती कॉईलवरून सुटलेली आहे. तांबूस कण दिसले तर गंज आहे, आणि टाकी पोलादी असेल तर मॅग्नेशियमची कांडी तपासायची वेळ झाली आहे.

एकदा रिकामी केल्याने तळ स्वच्छ होत नाही. निळी नळी पुन्हा जोडून कॉक उघडावा, चार-पाच लिटर पाणी जोरात आत घ्यावे, कॉक बंद करावा आणि तेच पाणी पुन्हा खाली सोडावे. आत शिरणारी धार तळाचा गाळ ढवळते आणि बाहेर पडताना तो घेऊन येते. बादलीच्या तोंडावर फडके बांधले की किती कण निघाले ते समजते. फडक्यावर काही उरेनासे झाले की थांबावे. जोडांवर नवे टेफ्लॉन टेप गुंडाळावे आणि कडक झालेले वायसर बदलावेत.

टाकी भरताना गरम पाण्याचा नळ सोडूनच ठेवावा. आधी हवा, मग खोकत-खोकत पाणी आणि शेवटी एकसारखी धार येते. ती एकसारखी झाल्यावरच टाकी भरली असे समजावे. सगळे जोड कोरडे पुसून गळती पाहावी आणि मगच एमसीबी चढवावा. टाकी अर्धी असताना बटण दाबले गेले तर कॉईल काही मिनिटांत जाऊ शकते. घरात दुसरे कोणी नकळत बटण दाबू नये म्हणून काम संपेपर्यंत बटणावर चिकटपट्टी लावून ठेवणे चांगले.

आडव्या गिझरमध्ये नळ्यांची जागा वेगळी असते आणि काही नमुन्यांत पाणी पूर्ण उतरत नाही. तिथे त्या गिझरबरोबर आलेली पुस्तिका पाहावी. स्वयंपाकघरात ओट्याजवळ लावतात त्या ३ लिटरच्या छोट्या गिझरमध्येही क्षार बसतात, पण त्यात साठा कमी आणि कॉईल साधारण ३ किलोवॉटची असल्याने थर कॉईलवरच जास्त चढतो. तो नुसत्या पाण्याने निघत नाही.

कॉईलवरचा थर आणि ॲसिडचा मोह

वरच्या रीतीने सुटा गाळ निघतो. कॉईलला घट्ट चिकटलेला थर काढायचा तर खालचे झाकण उघडून, वायरी सोडवून, कॉईल बसवलेली गोल चकती काढावी लागते. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. चकतीखालचा रबरी गॅस्केट प्रत्येक वेळी नवा घालावा. जुना पुन्हा बसवला की महिन्या-दोन महिन्यांत तिथून पाणी झिरपते आणि वायरींवर येते.

कॉईल बाहेर निघाली की तिच्यावर हातोडी किंवा पटाशी चालवण्याचा मोह होतो. त्याने नळीला बारीक चीर पडते. त्याऐवजी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरावे. एका लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून कॉईलचा तापणारा भागच त्यात बुडवावा. वायरी जोडण्याची टोके कोरडी राहिली पाहिजेत. चुन्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस येतो. फेस थांबला की द्रावण संपले किंवा थर संपला. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १०० ग्रॅम लिंबूसत्त्व सुमारे ७८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवू शकते. प्रत्यक्षात त्याहून कमी विरघळते, म्हणून जाड थराला दोन-तीन वेळा ताजे द्रावण लागते. व्हिनेगरही चालते, फक्त वेळ जास्त लागतो. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवावे.

फरशी साफ करायचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, झटपट काम करते म्हणून काही जण तेच टाकीत ओततात. ते चुन्याबरोबर मॅग्नेशियमची कांडी खाते, स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते आणि जोडांतून गळती सुरू करते. त्याची वाफ बंद न्हाणीघरात छातीला बाधते. ब्लिचिंग पावडरशी किंवा ब्लीच असलेल्या कोणत्याही द्रावणाशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. गिझरसाठी हे ॲसिड वापरूच नये.

गच्चीवरचा सोलर

सोलर वॉटर हीटरला विजेचा खर्च नाही म्हणून देखभालही नाही, असे मानले जाते. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये गाळाला टाकीखेरीज आणखी एक जागा मिळते. नळ्या वरून टाकीत उघडतात आणि खालून बंद असतात. त्यामुळे पाण्यातले जे काही बसते ते नळीच्या बुडाशी साचते. ५८ मिलिमीटर व्यासाच्या आणि १.८ मीटर लांबीच्या एका नळीत सुमारे ३ लिटर पाणी मावते. १०० लिटरच्या सोलरला अशा साधारण १० नळ्या असतात. टाकीची तोटी सोडून टाकी रिकामी केली तरी या नळ्यांतले तीसेक लिटर पाणी आणि त्यांच्या बुडाचा गाळ जागीच राहतो. वर्षा-दोन वर्षांनी नळ्या एकेक करून काढून धुवाव्या लागतात. हे काम दोघांनी करायचे आहे. नळी टाकीत शिरते तिथल्या रबरी रिंगला साबणाचे पाणी लावून नळी फिरवत काढावी आणि फिरवतच परत बसवावी.

सोलर कधीही भर उन्हात रिकामा करू नये. पाणी नसलेल्या नळीचे आतले तापमान उन्हात दोनशे अंशांच्या आसपास जाऊ शकते. त्यात थंड पाणी शिरले की काच तडकते. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर काम करावे, किंवा आधी नळ्या ताडपत्रीने झाकून गार होऊ द्याव्यात. गच्चीवरची टाकी दुपारी रिकामी झाली आणि पाणी संध्याकाळी आले, तेव्हाही हाच धोका असतो. पाण्याची वेळ ठरलेली नसलेल्या गावांत नळ्या फुटण्याचे हे एक कारण आहे. सोलरच्या टाकीवरची हवेची उभी नळी क्षारांनी किंवा पक्ष्यांच्या काड्यांनी बुजली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. ती बुजली तर टाकीत दाब वाढतो, आणि पाणी उपसताना टाकी आत दबू शकते.

सपाट पेटीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात. जड पाण्याने त्या आतून बुजतात आणि मोकळ्या करणे अवघड जाते. म्हणून बोअरच्या पाण्यासाठी काचेच्या नळ्यांचा सोलर किंवा तापणारे पाणी आणि वापरायचे पाणी वेगळे ठेवणारी रचना निवडतात.

साठा कमी कसा करावा

थर कमी करण्याचा बिनखर्चाचा उपाय थर्मोस्टॅटवर आहे. ७० अंशांवर तापवून थंड पाणी मिसळण्यापेक्षा ५५ ते ६० अंशांवर ठेवले तर क्षार कमी बसतात आणि वीजही वाचते. त्याखाली मात्र फार उतरू नये. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. २५ ते ४५ अंश त्याला मानवतात, साठ अंशांवर तो मरतो.

तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही. नळाला बांधलेले फडके रेती अडवते, विरघळलेले क्षार नाही. पाइपभोवती लावायच्या चुंबकी पट्ट्यांच्या उपयोगाला ठोस पुरावा नाही. जडपणा खरोखर काढतो तो वॉटर सॉफ्टनर. त्यातले राळेचे मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. ठरावीक पाणी गेले की मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा ताजे करावे लागतात. हे मीठमिश्रित पाणी शेतात किंवा झाडांना सोडू नये. गच्चीवरचे पावसाचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. ते साठवण्याची सोय असेल तर गिझरसाठी त्याहून चांगले पाणी नाही.

आपले पाणी किती जड आहे हे टीडीएस मीटरने नेमके कळत नाही, कारण तो मिठासकट सगळे क्षार एकत्र मोजतो. जडपणाची वेगळी तपासणी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ती होते. घरच्या घरी ढोबळ अंदाज घ्यायचा तर दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत पावसाचे आणि दुसरीत बोअरचे पाणी घ्यावे, दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. एका बाटलीत फेस आणि दुसरीत पांढरी साय दिसली की काय ते समजते. डिटर्जंट वापरला तर ही चाचणी फसते, कारण त्याला जड पाण्यातही फेस येतो.

किती दिवसांनी धुवावे

याचे एकच उत्तर सगळ्या घरांना लागू पडत नाही. पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी टाकी रिकामी करावी आणि फडक्यावर उरलेला गाळ वाळवून पाहावा. पाणी नुसते दुधाळ आले तर वर्षातून एकदा धुणे पुरते. मूठभर कण निघाले तर सहा महिन्यांचाच नेम ठेवावा. खपल्या निघाल्या तर कॉईल आणि मॅग्नेशियमची कांडी उघडून पाहावी.

वर्षातून एकदाच धुवायचे असेल तर दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधीचा आठवडा योग्य. गिझरचा हंगाम तेव्हा सुरू होतो. सहा महिन्यांचा नेम असेल तर दुसरी वेळ होळीनंतर, गिझर बंद करताना. उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा असेल तर तो धुऊन, पुन्हा भरून आणि एमसीबी पाडून ठेवावा. रिकामा ठेवला तर चुकून कोणी चालू करण्याची भीती असते. महिनोन्महिने साठलेले ते पाणी हिवाळ्याच्या सुरुवातीला वापरू नये, सोडून द्यावे.

निघालेल्या साध्या पाण्यात चुना आणि माती याखेरीज फारसे काही नसते. गार झाल्यावर ते अंगणात टाकता येते. लिंबूसत्त्वाचे उरलेले द्रावण मात्र आधी खायचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत निववावे आणि भरपूर पाण्याबरोबर सोडावे.

धुण्याने सगळेच गिझर वाचत नाहीत. जोडातून किंवा चकतीच्या कडेने पाणी गळत असेल तर वायसर किंवा गॅस्केट बदलून भागते. कॉईल, थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे सुटे भाग नवे मिळतात. पण सगळे जोड कोरडे असताना बाहेरच्या पत्र्याखालून पाणी टपकू लागले, तर आतली टाकीच फुटलेली असते. तिला डाख देता येत नाही, आणि फोममध्ये मुरलेले पाणी वायरींपर्यंत पोचते. असा गिझर दुरुस्त करत न बसता विजेपासून सोडवून काढून टाकावा.